प्रतिनिधीची रीत

आंतरराष्ट्रीय परिषदेत भाग घेणाऱ्यांनी कसे वागावे, हा विषय तामलवाडीच्या श्रोत्यांपुढे मांडावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी हसत विचारले, “अहो, आपल्या शिवारातून जिनिव्हाला कोण निघाले आहे?” प्रश्न रास्त होता. सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या वाटेवरचे हे आपले गाव. कोजागिरीच्या सुमारास अंबाबाईच्या दर्शनाला पायी निघालेल्या माणसांची रीघ येथून जाते. त्यांना पाणी द्यावे, सावली द्यावी आणि गाव मागाहून विचारावे, एवढा शिष्टाचार येथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. सातासमुद्रापलीकडच्या सभांचे नियम समजून घेण्याची गरज आपणांस पडावी कशाला?

तथापि इतिहास चाळून पाहिला, म्हणजे ध्यानात येते की, दूर देशी भरलेल्या परिषदांचा परिणाम निदान दोन वेळा आपल्या शिवेपर्यंत येऊन पोचला आहे. पहिल्या वेळी तो सोलापूरच्या गिरण्यांतून आला आणि शिवेवरच थबकला. दुसऱ्या वेळी खुद्द आपल्या मुलखाचेच गाऱ्हाणे जगाच्या पंचांसमोर मांडले गेले. या दोन्ही प्रसंगी कळीचा प्रश्न एकच होता : जो माणूस तेथे उभा राहून बोलतो, तो कोणाच्या वतीने बोलतो? आमच्या मते परिषदेच्या सर्व रीतिरिवाजांचे मूळ या एका प्रश्नात आहे, आणि तेच आज आपल्यापुढे उलगडून दाखवावयाचे आहे.

परिषदेचा शिष्टाचार म्हटला की पोशाख, जेवणाच्या मेजावरचे काटे-चमचे आणि कोणी कोठे बसावयाचे, याच गोष्टी सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. त्या अगदीच क्षुल्लक आहेत असे मात्र नव्हे. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना मागल्या रांगेत, मनसबदारांमध्ये उभे केले गेले आणि त्यापुढे काय घडले, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. तेथे जागेचा प्रश्न हा स्वराज्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. युरोपातही त्या काळी हीच कथा होती. इकडे शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता, त्या १६६१ सालीच लंडन शहरात स्वीडनच्या नव्या वकिलाच्या स्वागताची मिरवणूक निघाली असता, फ्रान्सच्या वकिलाची गाडी पुढे की स्पेनच्या वकिलाची, या वादावरून उभयतांच्या नोकरांत भर रस्त्यात हाणामारी झाली आणि माणसे मेली. वकील हा राजाचा देह समजला जाई. वकिलाची गाडी मागे पडली, की राजाच मागे पडला!

हा तंटा मिटावयास १८१५ साल उजाडावे लागले. नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्नाला जमलेल्या मुत्सद्द्यांनी असा नियम केला की, एखाद्या दरबारी आलेल्या समान दर्जाच्या वकिलांमध्ये ज्याने आपल्या आगमनाची रीतसर वर्दी आधी दिली असेल, त्याचा मान आधी. आणि अनेक राष्ट्रांच्या तहावर सह्या करावयाच्या त्या चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने. पिठाच्या गिरणीत ज्याचा डबा आधी त्याचे दळण आधी, हा आपल्याकडचा न्याय तोच आहे. मोठ्याचा डबा पुढे सरकवावयाचा नाही, एवढे ठरले की भांडणाचे अर्धे कारण संपते. आंतरराष्ट्रीय सभ्यतेची पहिली पायरी ही अशी साधी होती. कोण थोर हे ठरविण्याच्या भानगडीत न पडता क्रम लावून टाकावयाचा, एवढाच तिचा अर्थ.

आमच्या महाराष्ट्रातील ज्या पहिल्या पिढीने अशा सभा प्रत्यक्ष पाहिल्या, तीत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अग्रगण्य होत. प्राच्यविद्यापंडितांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद १८७४ साली लंडनला भरली, तेव्हा त्यांना निमंत्रण आले होते. घरच्या अडचणीमुळे ते जाऊ शकले नाहीत, पण नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील निबंध त्यांनी धाडून दिला. पुढे १८८६ साली व्हिएन्नाला सातवी परिषद भरली आणि मुंबई सरकारने त्यांना तिकडे पाठविले. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणारा समाज अवतीभवती असताना हा मालवणचा सारस्वत पंडित संस्कृताच्या पोथ्यांविषयी बोलावयास डॅन्यूबच्या तीरी गेला. तेथे संस्कृताचे अध्यापन करणारे ब्यूलर हे पूर्वी मुंबई इलाख्याच्या विद्याखात्यात काम केलेले, म्हणजे जुन्या ओळखीचेच.

या पंडितसभेची सभ्यता कोणती होती? पतंजलीच्या कालनिर्णयावरून भांडारकर आणि जर्मन पंडित वेबर यांचा वाद आधीच नियतकालिकांतून गाजला होता. त्या वादाची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावयाचे, मग आपला पुरावा ठेवावयाचा, आणि मत खोडावयाचे ते माणसाला न दुखविता. शिष्टाचार या शब्दाचा मूळ अर्थ शिष्टांचा, म्हणजे जाणत्या सज्जनांचा आचार. ज्ञानाच्या सभेत तो एवढाच असतो. तेथे कोणी कोणाला, “तुम्हांला कोणी पाठविले?” असे विचारीत नाही. पुरावा हीच तेथली सनद.

परंतु जेथे हजारोंच्या पोटाचे प्रश्न ठरतात, तेथे एकट्याची विद्वत्ता पुरत नाही. अशा सभेत बोलणारा हा पंडित नसून प्रतिनिधी असतो. अशा सभेत हिंदी कामगारांच्या वतीने प्रथम बसण्याचा मान एका मराठी गृहस्थाकडे आला. त्यांचे नाव नारायण मल्हार जोशी.

ना. म. जोशी यांचा जन्म १८७९ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. शिक्षण पुण्यास झाले. काही वर्षे शिक्षकी करून १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले, आणि १९११ साली मुंबईच्या कामगार वस्तीत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग उभी केली. वाचनालये, रात्रीच्या शाळा, सहकारी पतपेढ्या असे तिचे काम चाले. आवाज चढवून सभा जिंकणाऱ्यांपैकी हे गृहस्थ नव्हते. आकडे, नियम आणि चिकाटी यांवर त्यांचा भर.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली व्हर्साय येथे तह झाला. त्या तहातच एक भाग मजुरांच्या स्थितीविषयी घातलेला होता आणि त्यान्वये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्माला आली. हिंदुस्थान तेव्हा परतंत्र; तरी तहावर हिंदुस्थानच्या नावाने माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांच्या सह्या झाल्या होत्या, म्हणून या संघटनेत हिंदुस्थान पहिल्यापासून सभासद झाला. तिची पहिली परिषद २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टनला भरली आणि ती महिनाभर चालली.

या परिषदेची घडण आजवरच्या सर्व राजसभांहून निराळी होती. प्रत्येक देशाने चार प्रतिनिधी पाठवावयाचे : दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. प्रत्येकाला स्वतंत्र मत. म्हणजे सरकारचे मत एका बाजूला पडले आणि त्याच देशातील कामगाराचे दुसऱ्या बाजूला, तरी त्यात देशाशी बेइमानी झाली असे कोणी म्हणावयाचे नाही. आपल्या चौघांत सरकारतर्फे सर लुई कर्शॉ आणि अतुलचंद्र चॅटर्जी, मालकांतर्फे कलकत्त्याचे सर अलेक्झांडर मरे आणि कामगारांतर्फे जोशी. त्यांचे सल्लागार म्हणून मद्रासच्या कामगार चळवळीतील बी. पी. वाडिया बरोबर होते. लंडनच्या इंडिया ऑफिसातला साहेब आणि परळच्या चाळींतून हिंडणारे जोशी हे एका रांगेत, एका मोलाचे मत घेऊन बसले, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. येथे त्यांच्या देशात मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली होती.

आता सभागृहातील वागणुकीचे नियम पाहा. अध्यक्षांची परवानगी मागून ती मिळाल्याखेरीज कोणी बोलावयाचे नाही. ज्याने आधी इच्छा कळविली, त्याला आधी पाचारण. बोलणे प्रस्तुत विषयाला सोडून गेले, तर अध्यक्षांनी थांबवावे. दुसरा बोलत असता मध्ये तोंड घालू नये, आपापसांत कुजबुजही करू नये. सल्लागाराने प्रतिनिधीच्या विनंतीवरून आणि अध्यक्षांच्या खास परवानगीनेच बोलावे. मत त्याला नाही. भाषणे इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये होत. एकाचे बोलणे संपले की दुभाषा ते दुसऱ्या भाषेत सांगे आणि तोवर सर्वांनी स्वस्थ बसावयाचे. दुभाष्याने त्याच वेळी कानाशी भाषांतर पोचविण्याचा प्रयोग याच संघटनेच्या परिषदेत पुढे १९२७ साली झाला.

हे नियम वाचताना कोणाला शाळेतील शिस्तीची आठवण होईल. पण त्यांतील मर्म निराळे आहे. बोलणाऱ्याने नेहमी अध्यक्षांना उद्देशून बोलावयाचे, असे का? समोरच्या बाकावर बसलेला मालकांचा प्रतिनिधी आपल्याला पटेनासा झाला, तरी आपण त्याच्याशी भांडत नसतो. सर्वांच्या साक्षीने, सर्वांच्या वतीने बसलेल्या त्रयस्थापाशी आपले म्हणणे मांडीत असतो. शब्द असा वळणाने गेला, की त्याची धार राहते, पण विष उतरते. आपल्या जुन्या गावपंचायतीत वादी आणि प्रतिवादी हे दोघेही पंचांकडे तोंड करून बोलत, त्याचेही कारण हेच.

वॉशिंग्टनच्या अध्यक्षांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेचे मजूरमंत्री विल्यम विल्सन हे त्या स्थानी होते. हे गृहस्थ वयाच्या नवव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागलेले. आणि त्याच वेळी हिंदुस्थानच्या कारखान्यांच्या कायद्यात मुलाला कामावर घेण्याचे किमान वय होते तेही नऊच! १८८१ च्या कायद्यात ते सात होते, १८९१ साली नऊ झाले, आणि पुढे अठ्ठावीस वर्षे तेथेच राहिले. प्रौढ गिरणी कामगाराचा दिवस कायद्याने बारा तासांचा होता.

या परिषदेने सहा करार संमत केले. त्यांतील पहिला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा. हिंदुस्थानासाठी त्यात निराळे कलम घालण्यात आले आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठरली. मुलांच्या वयाविषयीच्या करारातही हिंदुस्थानापुरते किमान वय बारा ठरले. अठ्ठेचाळीस कोठे आणि साठ कोठे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण बारा तासांच्या दिवसातून सुटलेल्या माणसाला विचारावे. १९२१ साली सरकारने तासांचा करार मान्य केला आणि १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे साठ तास, दिवसाचे जास्तीत जास्त अकरा तास आणि मुलाचे वय बारा, हे सर्व अमलात आले. अठ्ठेचाळीस तासांवर यावयास १९४६ साल उजाडले. जोशी १९५५ साली वारले, म्हणजे ते त्यांना पाहावयास मिळाले.

सोलापुरात १८७७ सालापासून गिरणी होती. तिच्या भोंग्याबरोबर उठणाऱ्यांत आपल्या बाजूच्या खेड्यांतून पोटासाठी गेलेली माणसे होतीच. वॉशिंग्टनला जे ठरले, ते त्यांच्या दिवसातून तास-दीडतास कमी करून गेले. परंतु त्या करारातील शब्द होते ‘ब्रिटिश हिंदुस्थान’. सोलापूरची हद्द ओलांडून तुळजापूर तालुक्यात पाऊल ठेवले, की निजामाचे राज्य. लातूरच्या जिनिंग कारखान्यात कापूस पिंजणाऱ्या बाईला या कलमाचा काही उपयोग नव्हता. एकाच बोलीच्या, एकाच देवीच्या माणसांपैकी एकासाठी वॉशिंग्टनला कोणी तरी बोलले आणि दुसऱ्यासाठी बोलावयास कोणीच नव्हते. प्रतिनिधी असणे आणि नसणे यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार?

स्त्रियांच्या बाबतीतही तेच. तहात असे लिहिले होते की, स्त्रियांशी संबंध असलेला विषय निघेल तेव्हा निदान एक सल्लागार तरी स्त्री असावी. बाळंतिणीच्या रजेचा करार त्या परिषदेत झाला. पण पूर्ण मताचा अधिकार असलेली एकही स्त्री प्रतिनिधी सभागृहात नव्हती. नियम सभ्य असला, तरी खुर्ची रिकामी असली म्हणजे त्याची सभ्यता अपुरीच राहते.

आता खुद्द जोशींच्या खुर्चीकडे वळू. तहातील नियम असा होता की, मालकांचा आणि कामगारांचा प्रतिनिधी सरकारने परस्पर नेमावयाचा नाही. त्या त्या वर्गाच्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने नेमावयाचा. इतकेच नव्हे, तर अशी संमती नाही असे दिसले, तर परिषदेने दोन-तृतीयांश मतांनी त्या प्रतिनिधीला दारातूनच परत पाठवावे. प्रत्येकाचे अधिकारपत्र तपासण्यासाठी समिती असे. आपल्याकडे १९१९ साली कामगारांची मध्यवर्ती संघटनाच नव्हती. जोशींना नेमले ते सरकारने. माणूस लायक होता, यात शंका नाही. परंतु लायक असणे वेगळे आणि निवडलेले असणे वेगळे.

ही उणीव कामगार पुढाऱ्यांना बोचू लागली. उद्या सरकारने एखादा होयबा नेमला, तर त्याला हरकत घेणार कोण, आणि कोणाच्या नावाने? म्हणून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष होते, काका बाप्टिस्टा पुढाकार घेणाऱ्यांत होते, जोशीही होते. देशातील पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहण्यास इतरही कारणे होती. गिरण्यांतील संप होते, महागाई होती. पण परदेशच्या परिषदेतील खुर्चीवर आपला माणूस आपण बसवावा, ही इच्छा त्यांतील एक ठळक कारण होती. परिषदेच्या एका नियमाने घरी संघटना जन्माला घातली, असे हे विरळा उदाहरण आहे.

हा प्रश्न केवळ आपल्यासारख्या परतंत्र देशाचा होता, असेही नव्हे. हॉलंडच्या सरकारने १९२१ साली कामगारांचा प्रतिनिधी नेमताना देशातील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाला डावलून इतर तीन महासंघांच्या संमतीने माणूस पाठविला. मोठ्या महासंघाने तक्रार केली. प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले आणि ३१ जुलै १९२२ रोजी त्या न्यायालयाने आपल्या आयुष्यातील पहिला सल्ला दिला, तो याच प्रश्नावर. त्या तिघांचे सभासद मिळून मोठ्या महासंघाहून अधिक भरत होते, म्हणून नेमणूक नियमाला धरून आहे, असे न्यायालयाचे मत पडले. राष्ट्राराष्ट्रांतील न्यायालयाच्या दारी आलेला पहिला प्रश्न सरहद्दीचा नव्हता, तोफांचा नव्हता. एका कामगाराच्या वतीने बोलावे कोणी, हा होता.

निवडून पाठविलेल्या प्रतिनिधीवरही एक बंधन राहतेच. ज्यांनी पाठविले त्यांच्याकडे परत येऊन हिशेब द्यावयाचा, आणि तो त्यांना पटला नाही तर ते ऐकून घ्यावयाचे. जोशींच्या वाट्याला हेही आले. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात पंडित जवाहरलाल अध्यक्ष असताना संघटनेतील जहाल बाजूचे म्हणणे पडले की, जिनिव्हाच्या परिषदा आणि सरकारी मजूर आयोग यांच्यावर बहिष्कार टाकावा. जोशी स्वतः त्या आयोगाचे सभासद होते. मतभेद मिटेना, तेव्हा ते व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी निराळा संघ काढला. जिनिव्हाच्या बोलण्याने भाकरीचा तुकडाही वाढत नाही, असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्हांस वाटत नाही. साठ तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर यावयास चोवीस वर्षे लागली, ती परिषदांतील ठरावांनी नव्हे तर येथल्या संपांनी आणि लढ्यांनी. पण १९४० साली दुभंगलेली संघटना पुन्हा एक झाली, तेव्हा सरचिटणीसपद आले ते जोशींकडेच. विरोधकांशी अकरा वर्षे मतभेद ठेवूनही त्यांचा विश्वास टिकविता येतो, हा धडा सभागृहाच्या नियमांत लिहिलेला नसतो.

हाच प्रश्न अधिक तीव्र रूपात लंडनच्या गोलमेज परिषदेत पुढे आला. ती १२ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झाली. मेज गोल, म्हणजे कोणी वर नाही आणि कोणी खाली नाही, असा नावाचा तरी अर्थ. जोशी तेथे कामगारांच्या वतीने होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यवर्गाच्या वतीने. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्या समाजाचा माणूस संस्थानिकांच्या बरोबरीने एका मेजाशी बसला आणि ब्रिटिश राज्याने आमच्यासाठी काय केले, असा जाब त्याने ब्रिटिश पंतप्रधानांच्या देखत विचारला. पुढल्या वर्षी, दुसऱ्या परिषदेच्या अल्पसंख्याक समितीत, प्रतिनिधित्वाच्या दाव्यावरून त्यांचा आणि गांधीजींचा उघड खटका उडाला. सरकारने नेमलेले म्हणून आमच्यावर आक्षेप घेतला जातो, पण अस्पृश्यांना निवडणुकीची संधी दिली असती तरीही मी येथे आलो असतो, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी दिले. दोघांच्या भूमिकांविषयी कोणाचे मत काहीही असो. प्रश्न सभागृहात, अध्यक्षांपुढे, नावानिशी विचारला गेला आणि त्याला तेथेच उत्तर मिळाले. सभ्यता म्हणजे अवघड प्रश्न झाकून ठेवणे नव्हे, हे त्या दिवशी दिसले.

त्याच मेजाशी हैदराबाद संस्थानच्या वतीने सर अकबर हैदरी बसले होते. म्हणजे धाराशिवच्या, तुळजापूरच्या, आपल्या तामलवाडीच्या वतीनेही तेच. येथल्या कोणाला त्यांनी विचारले होते? तो विचारण्याचा मार्गच तेव्हा राज्यात नव्हता.

आणि मग १९४८ साल आले. निजाम सरकारने २१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तारेने तक्रार धाडली. १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरच्या बाजूने भारतीय सैन्य हद्द ओलांडून आले. नळदुर्गापाशी बोरी नदीवरचा पूल आणि इकडे तुळजापूर ही त्याच दिवशी हाती आली. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा समितीची बैठक भरली. तक्रार कामकाजात घ्यावी यास आठ मते अनुकूल पडली, विरुद्ध कोणी नाही, तीन सभासद तटस्थ. हैदराबादतर्फे मोईन नवाझ जंग आणि भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार यांना मेजाशी बोलावून बोलावयास दिले गेले. हैदराबाद हे मुळात राष्ट्र आहे काय आणि त्याला येथे येण्याचा अधिकार आहे काय, हा भारताचा आक्षेप होता. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद शरण आले. २२ तारखेला निजामाने तक्रार मागे घेत असल्याची तार केली. २८ तारखेला समिती पुन्हा बसली, तेव्हा तीपुढे प्रश्न उभा राहिला तो हाच की, ज्याच्या नावाने प्रतिनिधी आला, त्यानेच माघार घेतल्यावर प्रतिनिधी बोलतो आहे तो आता कोणाच्या वतीने? त्यावर वाद झाला. हैदराबादच्या प्रश्नाचा निकाल मात्र समितीने कधीच दिला नाही.

त्या सभागृहातील कामकाज सारे नियमाला धरून होते. क्रम पाळला गेला, दोन्ही बाजूंचे ऐकून घेतले गेले. तथापि आपण येथे बसून तो प्रसंग आठवतो, तेव्हा मनात येते की, ज्या माणसांच्या गावांतून रझाकार फिरले, ज्यांनी सोलापूरच्या हद्दीत आसरा घेतला, ज्यांनी शिबिरे चालविली, त्यांच्यापैकी कोणीही पॅरिसच्या त्या मेजाशी नव्हते. त्यांचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ त्या वेळी निजामाच्या तुरुंगात होते. आणि येथे इतिहासाचा एक धागा पुन्हा जुळतो. संन्यास घेण्यापूर्वी व्यंकटेश खेडगीकर या नावाने वावरणाऱ्या या तरुणाने काही काळ चिटणीस म्हणून काम केले होते, ते ना. म. जोशी यांच्याच हाताखाली! तेथून ते आपल्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवावयास आले आणि पुढे संस्थानी प्रजेच्या लढ्याचे नेते झाले. माणसे जोडावी, त्यांची संघटना करावी आणि मग त्यांच्या नावाने बोलावे, हा क्रम गुरूने कामगारांत शिकविला. शिष्याने तो खेड्यापाड्यांत चालविला.

आता या साऱ्याचे सार सांगून आम्ही आपली रजा घेतो. परिषदेत जाणाऱ्याने पोशाख नीटनेटका करावा, वेळेवर जावे, पाळी आल्यावर बोलावे, अध्यक्षांना उद्देशून बोलावे, विषय सोडू नये, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या तोंडून पुरते ऐकावे आणि ते वाकडे करून सांगू नये. दुसऱ्याचा देश, धर्म, वर्ण, जात अथवा बोली यांवरून त्याचे मोल कमी करू नये. हे सर्व आवश्यक आहे. परंतु या साऱ्याच्या आधी एक कर्तव्य आहे आणि मागाहून एक. आधीचे असे की, ज्यांच्या नावाने बोलावयाचे त्यांना विचारून जावे. मागाहूनचे असे की, परत येऊन त्यांना सारे जसेच्या तसे सांगावे. ही दोन टोके सुटली, तर मधला शिष्टाचार कितीही सुरेख असो, तो नाटकातल्या दरबारासारखा ठरतो.

आमच्या त्या वडीलधाऱ्या स्नेह्यांना आम्ही एवढेच उत्तर देऊ की, जिनिव्हाला जाणारा येथून आज कोणी नसेल. पण ग्रामसभा तर येथेच भरते. तेथे कोणी बोलत असता मध्ये तोंड घालणारे असतात, आणि मागे बसून एक शब्दही न बोलता उठून जाणाऱ्या बायाही असतात. पंचायतीत निवडून गेलेला सभासद सभा संपल्यावर आपल्या आळीत येऊन तेथे काय ठरले ते सांगतो काय, आणि त्याला विचारणारे कोणी असते काय, एवढे आपण या उन्हाळ्यात पाहिले, तरी वॉशिंग्टनपर्यंत जाण्याचे पुष्कळसे काम झाले असे आम्ही समजू.